चरबी जाते कुठे आणि परत येते कुठून?

दहा किलो वजन उतरलं, तर ते दहा किलो नेमके गेले कुठे? जिममधला ट्रेनर सांगेल, घामावाटे. शेजारच्या काकू सांगतील, पोट साफ झालं की सगळं निघून जातं. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या जोडगोळीने २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा रीतसर हिशोबच मांडला. दहा किलो चरबी जळली की त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे उतरलेलं वजन बहुतांशी नाकावाटे हवेत गेलेलं असतं! या दोघांनी दीडशे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर मंडळींना हाच प्रश्न विचारला होता. बहुतेकांचं उत्तर चुकलं.

तेव्हा पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून बागेत पळणाऱ्यांनी उगाच उकडून घेऊ नये. त्यांचं उतरतं ते पाणी. घरी येऊन तांब्याभर प्यायलं की पुन्हा जागच्या जागी. आणि हो, बसल्या जागी भराभरा श्वास सोडूनही काही साधत नाही, चक्कर तेवढी येते.

जाण्याचा रस्ता असा सापडला. पण वजनाची खरी गंमत परतीच्या प्रवासात आहे. तिकडे जाण्याआधी थोडं पुण्याला डोकावू.

लिफ्ट गाठणारे डॉक्टर

२००४ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचेच फोटो छापले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. दिसायलाही दोघे सडपातळच. मात्र अंगातली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! लेखात मिश्कीलपणे असंही नोंदवलंय, की युडकिन लांब पल्ल्याचे धावपटू आहेत, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठणं. स्वतःवर असा विनोद करून ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणणं अस्सल पुणेकरालाच जमावं.

विनोदामागचं संशोधन मात्र गंभीर होतं. पुण्याजवळच्या गावांमधली नवजात बाळं याज्ञिकांच्या चमूने इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. मांस कमी, मेद टिकून. वरून बारीक, आतून जाड. म्हणून भारतीयांसाठी ‘जादा वजना’ची रेघ २५ ऐवजी २३ बीएमआयवरच ओढली जाते. त्याहून सोपं माप शिंप्याच्या टेपचं : कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की वजनकाटा काहीही म्हणो, सावध व्हायचं.

डाएटचा पहिला ‘सेलिब्रिटी’ शवपेट्या करायचा

कमी कर्बोदकांचं डाएट हे काही इन्स्टाग्रामचं अपत्य नव्हे. लंडनचा विल्यम बँटिंग हा अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणारा व्यावसायिक. घराणं असं मातब्बर, की राजघराण्यातल्या अंत्ययात्रांचं कामही त्यांच्याकडेच. हा गृहस्थ इतका स्थूल झाला, की वाकून बुटाची नाडी बांधता येईना. उपाय करून थकला, शेवटी ऐकू कमी येतं म्हणून विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीने कानाचं मूळ पोटात शोधलं आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे असं सगळं बंद करायला सांगितलं. वजन झपाट्याने उतरलं. बँटिंगला इतका आनंद झाला, की १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिकाच छापून वाटली. ती तुफान गाजली. आज ‘कीटो’ म्हणून महागडे तक्ते विकले जातात, त्यांचं बरंचसं मूळ या अंत्यसंस्कारवाल्याच्या पुस्तिकेत आहे.

त्यानंतर आले अमेरिकेचे होरेस फ्लेचर. त्यांचा मंत्र एकच, चावा. घास तोंडात पाणी होईपर्यंत चावत राहा. आपल्याकडे आजी ‘बत्तीस वेळा चाव’ म्हणायच्या, त्यांच्या पुढची ही पायरी. फ्लेचरसाहेब सूपसुद्धा चावायला सांगत. फ्लेचर यांच्यासोबत जेवायला बसणाऱ्यांची दया येते.

दीक्षित की दिवेकर?

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात दोन तट पडले होते, आणि यावेळी कारण राजकारण नव्हतं. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार त्यांनी गावोगावच्या व्याख्यानांतून घरोघरी नेला : दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मधे पाणी, पातळ ताक यांपलीकडे काही नको. कारण दर खाण्यामागे इन्सुलिन स्रवतं, तेव्हा त्याला उसंत द्या. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. त्या म्हणणार, थोडं थोडं पण वेळेवर खा, उपाशी राहू नका, तूप-भात सोडू नका, आजीचं ऐका. व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला. एकाच घरात सासरे दीक्षितांचे आणि सून दिवेकरांची, आणि दोन्ही वेळापत्रकं सांभाळणाऱ्या सासूबाई ओट्यापाशी! दोन्ही डाएट एकत्र करणारे बहाद्दरही निघाले. दीक्षितांसारखं भरपेट आणि दिवेकरांसारखं दर दोन तासांनी.

मग खरं कोण? या दोघांचा थेट सामना प्रयोगशाळेत झालेला नाही. पण अशाच एका भांडणाचा निकाल २०१८ मध्येच स्टॅनफर्ड विद्यापीठात लागला. ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांचे दोन गट केले. एकाला कमी चरबीचं जेवण, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचं. दोघांनाही अट एकच : भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमीत कमी, शक्यतो घरचं. वर्षभराने पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. शास्त्राच्या भाषेत हा फरक नगण्य. खरी मौज गटांच्या आत होती. दोन्ही गटांत कुणी पंचवीस-तीस किलो उतरवले होते, तर कुणाचं उलट वाढलं होतं. डाएट तेच, माणसं वेगळी.

म्हणजे भांडण लावायचंच तर दीक्षित विरुद्ध दिवेकर असं लावण्यात अर्थ नाही. ते आपलं घर, आपली नोकरी, आपली जेवणाची वेळ आणि डाएटचा तक्ता यांच्यात लावावं. रात्रपाळी करणाऱ्याला जे जमेल ते शाळेतल्या बाईंना जमेलच असं नाही. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी जेवणं कमी-जास्त करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायचंच. इथे विनोद संपतो.)

एकादशी आणि अमेरिका

‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली त्याच्यासमोर साबुदाण्याच्या खिचडीची परात असणार. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी. त्यात दाण्याचं कूट, तेही शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर. त्यावर साजूक तुपाची फोडणी. वजन उतरवायला उपास धरणाऱ्याने खिचडी खाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आणखी मजा म्हणजे या सोवळ्या ताटातले बहुतेक मानकरी सातासमुद्रापारचे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणे, रताळं, हिरवी मिरची, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधीच्या एकादशीला आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं.

खऱ्या उपासाचा विक्रम मात्र एका स्कॉटिश माणसाच्या नावावर आहे. अँगस बार्बिएरी या सत्तावीस वर्षांच्या तरुणाने १९६५-६६ मध्ये डंडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस अन्न घेतलं नाही. पाणी, चहा-कॉफीसारखी पेयं, जीवनसत्त्वं, क्षार, बस्स. वजन २०७ किलोंवरून ८२ वर आलं. पारणं फेडलं ते एक उकडलेलं अंडं आणि लोणी लावलेल्या पावाने. पाच वर्षांनी पाहिलं तर वजन अवघे सात किलो वाढलेलं! हे वाचून कुणाला सुरसुरी आलेलीच असेल तर सांगून ठेवतो : अशाच लांबलचक उपासांत इतर काही रुग्ण दगावलेत.

पळीचा हिशोब

आता जरा स्वयंपाकघरात. चौघांचं कुटुंब, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा एक कॅन. पुष्कळ घरांत हेच प्रमाण. पाच लिटर तेलाचं वजन साधारण साडेचार किलो. चौघांत वाटून तीस दिवसांनी भागलं तर माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे रोज सुमारे ३४० कॅलरी फक्त पळीतून. यात बाहेरचा वडापाव, फरसाण, बिस्किटं धरलेलीच नाहीत. आणि तेल शेंगदाण्याचं असो, करडईचं असो की इटलीहून आलेलं ऑलिव्हचं, कॅलरींचा भाव एकच.

फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी तेल दहा टक्क्यांनी कमी करायचं आवाहन केलं होतं. ते या घरात कसं उतरेल? दिवसाला खर्च होतं सुमारे १६५ मिलिलिटर. दहा टक्के वजा केले की उरलं १५०, म्हणजे आमटीची एक भरलेली वाटी. सकाळी ओट्यावर तेवढी वाटी काढून ठेवायची आणि दिवसभराच्या फोडण्या, पोळ्यांचा हात, रात्रीची परतलेली भाजी सगळं त्यातूनच. दुपारी चारला वाटी अर्ध्याच्या खाली गेलेली दिसली की संध्याकाळची भजी आपोआप रद्द होतात. कॅनमधून थेट कढईत ओतताना हे कधीच दिसत नाही.

त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कचेऱ्यांमध्ये तेल-साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सुचवलं. बातम्यांत त्याचं झालं ‘समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा’. देशभर असा काही हलकल्लोळ उठला की सरकारला खुलासा करावा लागला, खाद्यपदार्थांवर कोणताही इशारा छापायचा नाहीये. जिलबीपुढे भल्याभल्यांना माघार घ्यावी लागते.

पोट नाही, आठवण भरते

१९९८ मध्ये पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूच्या इजेमुळे नुकतंच घडलेलं काहीच लक्षात न राहणाऱ्या दोन रुग्णांना त्याने जेवायला वाढलं. जेवण झालं, ताटं उचलली. दहा ते तीस मिनिटांत पुन्हा तसंच ताट समोर, ‘जेवणाची वेळ झाली’. दोघांनीही दुसरं जेवण घेतलं, आणि बहुतेक वेळा तिसऱ्यालाही हात घातला! पोटाने थांबवलं नाही, कारण जेवल्याची आठवणच नव्हती. मोबाइलवर मालिका पाहत जेवणाऱ्याची स्मृती शाबूत असते, पण त्यातही ताटाची नोंद होत नाहीच. नंतर तासाभराने तो फ्रिज उघडून उभा असतो.

लग्नात आकंठ जेवून झाल्यावरही मठ्ठा-जिलबीला जागा कशी होते, याचंही उत्तर आहे. एक चव खाता खाता त्या चवीचा कंटाळा येतो, जेवणाचा नव्हे. नवी चव आली की मेंदू नव्याने भूक लावतो. अमेरिकेच्या बार्बरा रोल्स यांनी हे १९८० च्या दशकात दाखवून दिलं. चाळीस पदार्थांचा बुफे मांडणाऱ्या केटररला ते त्याआधीच ठाऊक असावं.

आणि बिचारा बटाटा! १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींइतके खायला घालून कशाने किती पोट भरतं ते मोजलं. पहिला नंबर उकडलेल्या बटाट्याचा, पांढऱ्या पावाच्या तिप्पट. सर्वांत शेवटी लोण्याने माखलेला क्रॉसाँ. बटाटा बदनाम आहे तो तळणीच्या संगतीमुळे.

ये रे माझ्या मागल्या

वजन उतरवणारे पुष्कळ. वर्षा-दोन वर्षांनी भेटा, बरेच जण मूळपदावर. आपण लगेच म्हणतो, मनावर ताबा नाही. हा आरोप बराचसा अन्यायाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला. युद्धाला तात्त्विक विरोध असलेले हे स्वयंसेवक. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं : बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, दिवसाला जेमतेम १५७० कॅलरी, वर आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. वजन चतुर्थांशाने घटलं. आणि ही शहाणीसुरती मुलं बदलली. ताटल्या चाटू लागली, च्युइंगगमची पाकिटांवर पाकिटं फस्त करू लागली. काहींना तर पाककृतींची पुस्तकं जमवायचा नाद लागला. रात्री जागून रेसिपी वाचायचे! पुढे पोटभर खायला मिळू लागलं तरी भूक कित्येक आठवडे शमेना. दिवसाला १५७० कॅलरींच्या आसपासचा आकडा आज अनेक डाएट चार्टवर सर्रास दिसतो, हेही जाता जाता लक्षात घ्या.

शरीर दुसरीही एक चाल खेळतं. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केविन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते. त्याहून धक्कादायक म्हणजे त्यांचं शरीर विश्रांतीत जितक्या कॅलरी जाळायला हव्यात त्याहून रोज सुमारे ५०० कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही! २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांना आढळलं, की वजन उतरल्यावर वर्षभरानेही भुकेची संप्रेरकं पूर्ववत झालेली नव्हती. शरीराच्या लेखी दुष्काळ अजून चालूच असतो.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांची कहाणीही इथेच जुळते. भूक आवरणाऱ्या या औषधांच्या घराण्यातलं पहिलं औषध हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून गवसलं. वर्षातून मोजक्याच वेळा जेवणारा हा प्राणी. २०२५ मध्ये अशी इंजेक्शनं भारतात आली आणि हातोहात खपली. पण याच घराण्यातल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं.

ज्यांचं टिकलं ते काय करतात?

रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत एक नोंदवही उघडली. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तसंच ठेवलेल्यांनाच प्रवेश. आज त्यात दहा हजारांहून अधिक नावं आहेत. वजन उतरवायच्या तऱ्हा प्रत्येकाच्या निराळ्या, टिकवायच्या मात्र कंटाळवाण्या वाटाव्यात इतक्या सारख्या. ७८ टक्के रोज नाश्ता करतात. ७५ टक्के आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. ९० टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेक जण नुसते चालतात. सणासुदीला आणि शनिवार-रविवारीही खाण्याची घडी फारशी मोडत नाहीत. ही मंडळी आपणहून नाव नोंदवणारी, त्यामुळे हा सरसकट कायदा नव्हे. तरीही चमत्कारी काढा एकाच्याही यादीत नाही.

आणि सवय किती दिवसांत लागते? ‘२१ दिवसांत’ म्हणणाऱ्यांचा गुरू मॅक्सवेल मॉल्ट्झ, प्लॅस्टिक सर्जन. नवं नाक अंगवळणी पडायला रुग्णांना तीनेक आठवडे लागतात, असं त्याने १९६० मध्ये लिहिलं होतं. लंडनच्या फिलिपा लॅली यांनी खाण्या-पिण्या-चालण्याच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या : सरासरी ६६ दिवस. पाणी पिण्यासारखी साधी सवय लवकर, व्यायामाची उशिरा. पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. नव्याचे नऊ दिवस कधीच संपलेले असतात. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, हेही त्यांनाच आढळलं.

वजन टिकवणाऱ्यांतलं शेवटचं नाव जीन नायडेच. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या या गृहिणीचं बिस्किटांचं व्यसन इतकं, की मळक्या कपड्यांच्या टोपलीत त्या पुडे लपवून ठेवायच्या. सुपरमार्केटात एका बाईने ‘कितवा महिना?’ विचारलं. दिवस गेलेलेच नव्हते! नायडेच शहराच्या सरकारी दवाखान्यात गेल्या, तिथला आहाराचा तक्ता आणला, पण एकटीने जमेना. मग १९६१ मध्ये सहा मैत्रिणींना घरी बोलावलं. दर आठवड्याला बसायचं आणि कोण चोरून काय खातं ते कबूल करायचं. वर्षभरात त्यांचे ३३ किलो उतरले, आणि २०१५ मध्ये ९१ व्या वर्षी निधन होईपर्यंत ते पुन्हा चढले नाहीत. तक्ता सरकारचा, कुणालाही मिळणारा. १९६३ मध्ये बाईंनी ‘वेट वॉचर्स’ कंपनी काढून विकली ती आठवड्याची बैठक. १९७८ मध्ये ती कंपनी विकत घेतली हाइन्झने, म्हणजे टोमॅटो केचपवाल्यांनी.